पांढरे मोजे

कुत्रा माझा नाही, हे आधी सांगून टाकतो.
मागच्या खोलीत भाड्याने राहायची ती नवसारीची मुलगी, जिज्ञा,
चित्रं काढायची, भाडं उशिरा द्यायची,
तिने पोलोग्राउंडवरून उचलून आणलेला हा.
नाव ठेवलं खाकरा. रंग तसाच, कडेने थोडा करपलेला.
दिवाळीला गावी जाताना म्हणाली,
"पंदर दिवस, अंकल. बस."
आता नाक्यावर होळीची लाकडं रचताहेत.

खाकरा खाजवतो.
रात्री दोनला त्याचा मागचा पाय फरशीवर आपटत राहतो, ठक ठक ठक,
कुणी दार वाजवावं तसा.
दोनदा उठून मी कडी काढलीय,
खोटं कशाला बोलू.

मोहिते वहिनी म्हणाल्या, कडुनिंब उकळा.
उकळला. दांडिया बाजारातलं अख्खं घर कडू झालं,
चहासुद्धा. पिसवा तशाच.
समोरचा कनुभाई म्हणाला, घासलेट चोपडी दो, काका!
हे ऐकून डॉक्टर मकवाणा
माझ्यावरच भुंकले.

त्यांनी बारीक फणी फिरवली, एक काळी कणी पडली,
ती ओल्या कापसावर ठेवली.
मी म्हटलं, माती असेल.
"थांबा."
कणीभोवती तांबूस डाग पसरत गेला, गेरूसारखा.
"याचंच रक्त. पिऊन टाकलेलं."
मला एकदम त्याच्या कानामागे हात ठेवावासा वाटला.
ठेवला नाही. डॉक्टर बघत होते.

ते चांचड म्हणतात, मी पिसू म्हणतो.
तिचं भाषेशी भांडण नाही, ती दोन्हींतून उडी मारून जाते.
शाळेत शिकलो होतो, पिसं लागणं म्हणजे वेड लागणं.
किड्याबद्दल मास्तर काही बोलले नव्हते.

"अंगावर दिसतात त्या शंभरातल्या पाच," डॉक्टर म्हणाले,
"बाकीच्या घरात. अंडी, अळ्या, कोष.
बंद खोली आहे का एखादी?"
मी पंख्याकडे बघितलं.
"कोषात बसून राहतात, महिनोन्‌महिने, उपाशी.
पाऊल वाजलं, फरशी थरथरली, अंगाची ऊब आली
की बाहेर.
पांढरे मोजे घालून जा. दिसतील."

मंगळबाजारातून तीस रुपयांचे घेतले,
गुडघ्यापर्यंतचे, शाळकरी.
कुलूप काढलं.
टर्पेंटाइनचा वास, अजून.
कपात उभा सुकलेला ब्रश. गादी.
गादीशेजारी गोणपाट, त्यावर कुत्र्याएवढा खळगा.
एक पाऊल टाकलं. काही नाही.
दुसरं. तिसरं.
मग घोट्यापाशी एक तीळ. मग दोन.
मग दोन्ही पायांच्या रेवड्या.

चार महिने, भिंतीच्या सांध्यात, अन्नावाचून,
कुणाच्या तरी पावलांसाठी,
आणि आला कोण, तर मी.
त्यांची काय निराशा झाली असेल.

खाकरा दारात उभा होता. उंबरा ओलांडला नाही.
नाक तेवढं आत.

गोणपाट जाळलं. गादी गच्चीवर, उन्हात.
फटी झाडल्या, फवारल्या. डॉक्टरांचं औषध
त्याच्या मानेवर, केस बाजूला करून, थेंब थेंब.
रात्री दिव्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं,
सकाळी एकोणीस मोजल्या, वहीत लिहिल्या.
जन्मभर मालगाड्यांचे डबे मोजले, हात राहत नाही.

कोष मात्र उरतात, डॉक्टर म्हणालेत,
ते औषधाला दाद देत नाहीत.
त्यांना नुसतं चालून दाखवायचं.
म्हणून रोज संध्याकाळी सहाला
मोजे चढवून मी तिच्या खोलीत फेऱ्या मारतो.
काल मोज्यांवर एकही नव्हती.
तरी थोडा वेळ थांबलो.
खाकरा आत आला,
खळगा होता तिथली मोकळी फरशी हुंगली,
स्वतःभोवती एकदा फिरला
आणि माझ्या पावलांवरच बसला.

चांगलाच जड आहे.
गाठिये कमी केले पाहिजेत.