शेहेचाळीस नंबर

सानपाड्याला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर,
डॉक्टरीणबाईंचं आडनाव मुकादम.
बरं वाटलं. माझाही हुद्दा तोच होता,
एकतीस वर्षं, खाडीकाठच्या भरावावर,
पाइलच्या रिगपाशी.

त्या म्हणाल्या, शेहेचाळीस नंबर नाही.
मी म्हटलं, कुठल्या साइटचा?
हसल्या. आरसा आत घालून दाखवलं:
खाली, उजवीकडे, सहावा.
जीभ आधीच तिथे जाऊन बसलेली,
बिऱ्हाड उठून गेलेल्या खोलीत
मांजर जाऊन बसतं तशी.

दोन वर्षं झाली दाढ काढून.
तेवढ्यात, म्हणाल्या, हाड खचलंय.
वर काही उभं नसलं
की जबडा जमीन सोडून देतो.
हे मला नवं नव्हतं.

पर्याय सांगितले.
कवळी: रोज रात्री पेल्यात काढून ठेवायची.
ब्रिज: शेजारचे दोन धडधाकट दात तासायचे
आणि त्यांच्या खांद्यावर तिसरा टांगायचा.
शेजाऱ्याच्या भिंतीवर तुळई टेकवून
कोण घर बांधतं?
आमच्या गावठाणात बांधतात, पण ते सोडा.
तिसरा पर्याय त्यांनी कागदावर काढला:
खाली हाड, हाडात स्क्रू, वर टोपी.
मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं
आणि बाजूला पाइल काढला. पाइल कॅप. कॉलम.
त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

सुगंधा बाहेर बाकावर. खर्च ऐकून म्हणाली,
"तुमचे तोंडान आता टावर बांधतान का?"

भोक पाडताना सतत पाणी सोडतात.
हाड तापलं तर मरतं.
दुखत नव्हतं, फक्त कवटीत कुठेतरी
लांबच्या साइटचा आवाज येत होता.
थोडी हाडाची पूडही भरली. भराव.
मग टायटॅनियमचा स्क्रू, पाना, शेवटचा आटा,
आणि त्यांच्या मनगटात मला दिसलं ते,
जे मी तळहातानं ओळखायचो:
खडक लागला.

"आता चार महिने याच्यावर काही नाही.
हाड स्वतःहून धातूला धरेल.
घाई केली तर धरणार नाही."

खिडकीतून पाम बीचकडचे टॉवर दिसतात.
त्यातल्या एकाचा एक पाइल,
नंबर नाही सांगत,
काँक्रीट पुरतं मुरायच्या आत मी पास करून दिला.
साहेब उभे होते, मार्चअखेर होती, सही माझी.
टॉवर उभा आहे. लोक राहतात, गॅलरीत तुळस आहे.
मी मात्र त्या बाजूने रिक्षा नेऊ देत नाही.

चार महिने मी डावीकडून जेवलो.
एकदाही विचारलं नाही, लवकर होईल का.

टोपी बसली. रंग जुळवला तोही
बाजूच्या दातांच्या पिवळेपणाशी,
पांढराशुभ्र दिला असता तर खोटा पडला असता.
एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली होती:
खऱ्या दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते,
त्याला भातातला खडा कळतो.
याला नाही कळणार. हा नुसता उभा राहील.
याला कीड लागत नाही,
पण हिरडी याचीही खरीच आहे,
मुळाशी घाण साचू देऊ नका.

काल रात्री सुगंधानं भाकरीची कडक कड,
इतके दिवस स्वतः खात आली ती,
काही न बोलता माझ्या ताटात ठेवली.
सुक्या जवळ्याची चटणी होती.
मी उजवीकडे नेली. चावली.
आवाज आला. चव आली.
दाताला काही कळलं नाही.
जीभ उठून बघायला गेली:
खोलीत कोणीतरी राहायला आलंय,
अजून ओळख नाही.