यादीत नसलेली खुंटी

गाडी कुणीतरी विकत घेतं
हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.
वाटायचं, ती असते. तापी असते तशी.

भुसावळच्या स्टोअरात एकतीस वर्षं
मी नट मोजले, वायसर मोजले,
आणि एका उन्हाळ्यात टपालानं आली
नव्या मेमूच्या निविदेची प्रत,
चारशे बारा पानं, फक्त माहितीसाठी.

दार किती हजार वेळा उघडून मिटलं पाहिजे,
खिडकीचं रबर किती कडक,
रंगाचा थर किती मायक्रॉन.
सभोवतालचं कमाल तापमान: पंचावन्न अंश.
हुसेन तडवी फिटर हे वाचून म्हणाला,
साहेब, हे लोक मे महिन्यात
आपल्या पत्र्याखाली बसून गेलेत नक्की.

सात जणांनी लिफाफे भरले म्हणे.
दोघे तंत्रात पडले,
एकाची अनामत पोचली एक दिवस उशिरा.
सगळ्यांत स्वस्त तो पहिला,
दुसरा आला तो कोर्टात गेला,
आणि दीड वर्ष गाडी
एका वकिलाच्या कपाटात उभी राहिली.
आमच्याकडे केळीचंही असंच,
भाव बोलतात एक, हातात पडतो एक,
पण घड तोवर थांबत नाही.

त्या प्रतीच्या शेवटी होता एक रकाना,
चार बोटं रुंद:
अंतिम वापरकर्त्याचा अभिप्राय.
तो मी भरायचा होता.
मी, जो पासावर वर्षातून दोनदा प्रवास करतो
तोही झोपून.

म्हणून एका मंगळवारी निंभोऱ्याला गेलो
आणि सकाळच्या पॅसेंजरनं परत आलो.
समोर यमुना वाघुळदे, पिको-फॉलवाल्या,
मांडीवर अकरा साड्या, लोकांच्या,
पिशवी फरशीला टेकू देईनात.
आखडलेली बोटं मधूनच उघडून बघायच्या,
परत मिटायच्या.
मी लिहिलं: दाराशेजारी, साडेचार फुटांवर,
एक खुंटी.
पायरी सहा इंच खाली.
सही, शिक्का, जावक क्रमांक.

मग तीन साहेब बदलले.

गाडी आली ती रात्री अडीचला,
सीटवर प्लॅस्टिक, आत नव्या रेग्झिनचा उग्र वास.
तीन दिवस आम्ही यादीवर टिक करत फिरलो,
पंखे, दिवे, साखळ्या, कड्या,
कमी निघालं एक भोंग्याचं झाकण.
तिसऱ्या डब्यात दाराशेजारी
माझा खांदा कशाला तरी अडला.

खुंटी.
एकाच डब्यात. एकच.
नकाशात नाही, यादीत नाही,
वेल्डिंगही जरा वाकडं.
माझा कागद इतका लांब गेला असेल?
की कारखान्यातल्या कुण्या जोडाऱ्यानं
आपला जेवणाचा डबा अडकवायला लावली
आणि काढायची राहिली?
जास्तीच्या मालाला वेगळा फॉर्म असतो,
गुलाबी, तीन प्रतींत.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
तो मी भरला नाही.
हुसेननं पाहिलं. त्यानं खुंटीला
आपली टोपी अडकवली, काढली,
आणि पुढच्या डब्यात गेला.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम निंभोऱ्याला गेलो.
फलाटावर यमुनाबाई, चष्मा लागलेला,
पिशवी तीच किंवा तसलीच.
म्हटलं, तिसऱ्या डब्यात बसा.
त्या म्हणाल्या, का हो भाऊ,
तिथला पंखा बरा हाये का?

गाडी लागली.
पायरी होती तेवढीच उंच.
मी आधी चढलो. त्यांनी पिशवी वर दिली,
मग दांडा धरून, गुडघ्यावर हात ठेवून
स्वतःला वर घेतलं.
तेवढा वेळ अकरा साड्या
माझ्या हातात होत्या.
वजन कुठल्याच पानावर नव्हतं.