तळटीप क्रमांक एक्केचाळीस

बाहेर उणे एकतीस.
विद्यापीठाचं ग्रंथालय सातला मिटतं, मग
जिन्याखालच्या हीटरला पाठ लावून मी
आणि माझं अडलेलं तिसरं प्रकरण.
दुल्माबाई जिने पुसत पुसत खाली येतात.
"राज्यशास्त्रात एमए म्हणजे गं काय?
राज्य कसं करायचं, ते शिकवतात?"
नाही हो, कसं सोसायचं ते,
असं ओठांवर येतं. मी नुसती हसते.

प्रश्न साधा आहे: लोक मत का देतात?
पुस्तकात समीकरण आहे, आटोपशीर, चार अक्षरांचं.
एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता
जवळजवळ शून्य; वाटेचा त्रास मात्र खरा.
म्हणजे शहाण्यानं घरी बसावं.
(उंटावरून शेळ्या हाकणं आमच्या गोबीत
नुसती म्हण नाही, माझा मामा खरोखरच हाकतो;
पण तोसुद्धा अधूनमधून
खाली उतरून शेळ्या मोजतो.)

म्हणून ऑक्टोबरात मी फिरत्या मतपेटीबरोबर गेले.
जुनाट रशियन व्हॅन, लाख लावलेली पेटी निवडणूक-बाईंच्या मांडीवर,
दोन पक्षांचे दोन निरीक्षक दोन खिडक्यांना चिकटलेले,
नव्वद किलोमीटर एकमेकांशी अवाक्षर नाही.
नोंदवही उघडून मी वाटेचा त्रास लिहीत होते:
पेट्रोल इतकं, तास इतके,
फुटलेलं टायर एक.

झाग्द आजोबा, वय चौऱ्याऐंशी, खुबा मोडलेला.
तरी नवा रेशमी झगा, कमरेला पिवळा पट्टा,
छातीवर कुठल्यातरी जुन्या पदकांची रांग.
मतपत्रिका हातात घेतली आणि म्हणाले,
"आता सगळे बाहेर."

गेर म्हणजे एकच गोल खोली. आडोसा कुठला?
आम्ही बाहेर. ड्रायव्हर बाहेर. कुत्रा बाहेर.
त्यांची बायको, खांडसुरेन आजी, तीही बाहेर,
हातात चहाचा डाव तसाच.
वारा कानशिलं सोलत होता.
"साठ वर्षांत पहिल्यांदा दार लावून बसलाय,"
आजी म्हणाली, "काय करतोय देव जाणे."
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

मग आजीचं मत.
मग आजोबा बाहेर, पण चालणार कसे?
दोन्ही निरीक्षकांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं
आणि त्यांना खुर्चीसकट उचललं.
"जरा तुमची बाजू वर धरा."
नव्वद किलोमीटरनंतरचं ते पहिलं वाक्य.

खुर्चीत, वाऱ्यात, आजोबा मला म्हणाले,
"पूर्वी आमच्या गावची मोजणी मी लिहायचो.
नव्व्याण्णव टक्के. दर वेळी नव्व्याण्णव.
मोजायच्या आधीच शाई वाळलेली असायची.
तेव्हा मत देताना कुणी बाहेर जात नसे, पोरी.
गरजच नव्हती."
मग दाराकडे पाहत राहिले.
आजीला किती वेळ लागला, मी मोजला नाही.
ते मोजत होते.

चिमेद सरांनी समासात लाल शाईनं लिहिलंय:
नमुना दोन. हा किस्सा आहे, पुरावा नव्हे. वगळावे.
सर चुकलेले नाहीत.
पहिल्या वर्षी मीच ज्युनियरांना हे शिकवलंय,
फळ्यावर, दोनदा अधोरेखित करून.

मी वगळलं. म्हणजे, वरून वगळलं.
खाली, बारीक टायपात, एक्केचाळीस हा आकडा लावून ठेवलंय,
जिथे परीक्षकांची नजर सहसा उतरत नाही.
आता एवढंच अडलंय:
ती अकरा मिनिटं
समीकरणाच्या कुठल्या बाजूला लिहायची?
त्रासाच्या, की लाभाच्या?
आणि बाहेर उभ्या आमच्या सहा जणांची गारठलेली अकरा,
ती कुणाच्या खात्यात?

दुल्माबाईंना विचारलं.
त्या फडकं पिळत थांबल्या, जरा विचार केला,
बादली पुढे सरकवली
आणि म्हणाल्या,
"पाय वर घे."