अर्धी काच पाणी

एकलहऱ्याचा माझा बॉयलर अकरा मजले उंच होता.
हा गुडघ्यालाही लागत नाही.
वीतभर तांब्याची नळी, भद्रकालीच्या भंगारातून
किलोच्या भावानं उचललेली.
भंगारवाला म्हणाला, गिझर करता का काका?
म्हटलं, हो. मुंग्यांच्या आंघोळीला.

हत्यारं म्हणजे एक हॅक्सॉ,
आतेभावाच्या सायकल दुकानातला जबडा ढिला झालेला व्हाइस,
दोन कानशी – त्यातली एक प्रभावती विळीसाठी लपवून ठेवते.
लेथ नाही. ड्रिल छातीनं रेटायचं,
एका हातानं फिरवायचं. एका भोकाला
दुपारची अख्खी झोप.

नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणं हवीत, कड वळवलेली.
सागाचा ठोकळा गोल तासला, त्यावर पत्रा ठोकत बसलो.
दहा ठोके छान गेले. मग तांबं अडलं.
मी जोर लावला.
कड टर्रकन फाटली.

भांडीबाजारामागच्या बोळात रमाकांत वडके
अजून बंब दुरुस्त करतो.
झाकण हातात घेऊन त्यानं फाट अंगठ्यानं चाचपली.
"मार खाल्ला की तांबं ताठ होतं.
मग मारायचं नाही. लाल करायचं,
पाण्यात सोडायचं. विसरतं."
छत्तीस वर्षं मी वाफेत काढली,
धातू विसरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लाल. पाणी. दहा ठोके.
पुन्हा लाल.
सातव्या खेपेला कड वळली
लहान मुलानं ओठ मुडपावा तशी.

चांदीच्या डाखाची तार सराफ बाजारात ग्रॅमवर मिळाली.
पैंजण का? – सराफ.
नाही, बॉयलर.
त्यानं बिलावर "इतर" लिहिलं.
टाकणखार कालवताना प्रभावती मागे उभी होती,
माझ्या जोडव्यांना म्हणे कधी इतका जीव लावला नाहीत.

मग थंड चाचणी. ग्रीसगनमध्ये पाणी भरून दाबायचं,
हवा नाही. हवा भरून फुटलं तर घर जातं,
पाणी भरून फुटलं तर फक्त लुंगी भिजते.
चालवायचं तीस पौंडांवर, तपासायचं साठवर.
काटा चाळीसला आला आणि खालच्या सांध्याशी
मोहरीएवढा थेंब.
पुसला. आला.
पुसला.
आला.

प्लांटात ट्यूब गळाली की मी भिंतीशी उभा राहून
सिसकारीवरून मजला सांगायचो.
ते कान पंख्यांच्या घरघरीत तिथेच राहिले,
ग्रॅच्युइटीत धरले नाहीत.
आता गळती मला फक्त बोटाला कळते.

एक सांधा परत तापवला की जुने सुटायला बघतात.
वडके स्कूटरवरून आला, डब्यात ओली माती घेऊन.
बाकीचे सांधे त्यानं लिंपून टाकले,
नुसता आजारी तेवढा उघडा ठेवला.
डाख पळाला, पाण्यासारखा,
आणि आम्ही दोघं उगाचच श्वास रोखून होतो.
तो चहाला थांबला नाही. पैसे म्हणाल तर
घोटाएवढा एक बंब आपल्यालाही करून द्या, म्हणाला.

साठवर वीस मिनिटं. कोरडं.

काल स्पिरिटचा दिवा लावला.
सेफ्टीचा छर्रा सायकलचा, त्याची स्प्रिंग मी आठवडाभर
वाण्याच्या मापांनी जोखलेली.
पाणी काचेत अर्ध्यावर. काटा दहा, अठरा,
सव्वीसला बराच वेळ रेंगाळला.
तिसाला छर्रा उचलला असावा.
मला काही ऐकू आलं नाही. प्रभावतीनं दोन्ही कानांवर हात ठेवले,
तिचे ओठ हलले – एवढंसं कार्टं, केवढं ओरडतंय –
असंच काही म्हणाली असेल.
मी तळवा वर धरला. ओला झाला, भाजला,
काढला नाही लगेच.

जुन्या लॉगबुकाची कोरी पानं जपून ठेवलेली.
लिहिलं: ४.१० वाफ. दाब तीस. पाणी अर्धी काच.
सेफ्टी उचलला, बसला. सही.
"पुढच्या पाळीसाठी सूचना" हा रकाना रिकामा राहिला असता,
तिनं पेन ओढून घेतलं
आणि भरला:
दूध संपलंय.