पासिंगपुरतं

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्या इराण्याच्या मागे,
माझं दुकान म्हणजे एक शटर, एक आर्गॉनची टाकी
आणि भिंतीवर सत्तावीस हूक.
प्रत्येक हुकावर एक बॅफल,
वीतभर नळी, अंगभर भोकं,
कंपनी सायलेन्सरच्या तोंडात कोंबून पाठवते तो बोळा.
पोरं येतात, म्हणतात, उस्ताद, हे काढ.

काढायला दहा मिनिटं. एक बोल्ट
आणि काजळीची थोडी मनधरणी.
आतली काचेची लोकर उपसली की
बोटं दोन दिवस खाजतात.
मग गाडी चालू करायची
आणि पोराच्या चेहऱ्याकडे बघायचं.
कुणाला खर्ज हवा, कुणाला फटाके.
एकाला हवं होतं विमान, समुद्रावरून येणारं,
‘पण जरा उशिरा, उस्ताद.’
उशिरा म्हणजे काय ते मला कळलं.
नळी चार बोटं वाढवली. जमलं.

कानानं जोखायचं मी सोडलंय.
डावा कुपवाडच्या प्रेसशॉपमध्येच गेला,
उजवा इथं हप्त्याहप्त्यानं फेडतोय.
नळीच्या तोंडापुढं तळहात धरतो
आणि ठोके मोजतो.
बायको फोनवर म्हणते, अहो, ओरडता कशाला,
मी काय शेतात आहे?

वर्षातून एकदा पासिंग येतं.
त्या आठवड्यात सगळे केस विंचरून येतात.
मी हुकावरच्या चिठ्ठ्या वाचतो,
देवनागरीत, माझ्याच तिरक्या अक्षरात:
गानिम ४०२, फव्वाज ०८८, दुऐज ‘पांढरी, खरचटलेली’.
सकाळी बसवायचा, साहेबानं मान हलवायची,
संध्याकाळी काढायचा.
सभ्य व्हायचे पाच दिनार, परत यायचे पाच.

चौदावा हूक मिशअलचा. ३१७.
चहात साखर नको म्हणायचा,
हेल्मेटवर लिंबाच्या रंगाची पट्टी.
पासिंग फेब्रुवारीत.
पहिला फेब्रुवारी गेला, म्हटलं विकली असेल गाडी.
दुसरा गेला.
फव्वाज त्याचा जोडीदार, दर महिन्याला येतो,
चौदाव्या हुकाकडं पाठ करून उभा राहतो.
मी विचारलं नाही.
तिसऱ्या वर्षी चिठ्ठीची शाई फिकी झाली,
मी वरून परत गिरवली.

काल दुपारी रफीकुल आला, सिलहटचा,
पाठीमागं जेवणाची चौकोनी पेटी.
गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच पान्हे थरथरले.
दीडशे सीसीची गरीब गाडी,
खाऱ्या हवेनं सायलेन्सर पोटातून खाल्लेला.
ज्याचे गानिमनं मला चाळीस दिनार मोजले
ते याला गंजानं फुकट दिलं होतं.
दोनदा दंड झाला. खैतानच्या खोलीत आठजण,
हा रात्री अडीचला परततो
तेव्हा आठही एकदम कूस बदलतात.
म्हणाला, भाई, चूप करा दो.

एवढ्या वर्षांत कुणी हे मागितलं नव्हतं.
मी भंगाराचं पिंप उलथं केलं. काही बसेना.
मग शिडी न घेताच हात वर गेला.
मिशअलचा बॅफल याच्या गाडीला फार मोठा.
कापला. कॉलर चढवली, कानशीनं घासली,
पोटाला नवा पत्रा, टिगचा बारीक टाका.
दीड तास गेला. रफीकुलचे तीन फोन वाजले,
कुणाची तरी बिर्याणी थंड होत होती.

किक मारली. मी तळहात धरला.
मऊ, एकसारखं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं
काहीतरी हाताला लागलं.
रफीकुलनं विचारलं, चालू आहे ना?
मी म्हटलं, जा.

पैसे घेतले नाहीत. का, ते त्यानं विचारलं नाही.

आता चौदाव्या हुकावर नुसती चिठ्ठी आहे,
एसीच्या वाऱ्यानं हलते.
फव्वाज उद्या येईल, त्याला पाठ करायला
काही उरलेलं नाही, तरी तो करेल.
आणि समजा, मिशअलच आला,
तीच पट्टी, बिनसाखरेचा चहा,
उस्ताद, माझं सामान द्या म्हणाला,
तर मी खूप ओरडेन त्याच्यावर,
अरे कुठं होतास, म्हणून,
आणि नवा बनवून देईन रात्रीतून,
एक फिल्सही न घेता.