सहा आठवड्यांच्या बोलीवर

कॅट्रिओनानं खोका आणून दिला
तो सहा आठवड्यांच्या बोलीवर.
आत अंगठ्याएवढा कॅमेरा, दोन वायरी,
आणि हॉस्पिटलचा शिक्का मारलेली पावती.
सही मी केली. कुमुदचा उजवा हात
तेव्हा तिच्या मांडीवर होता,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

टेबल भिंतीला लावलं, गालिचा गुंडाळला,
मागं खुर्ची ठेवली, तोल गेलाच तर.
"हात दाखवा," म्हणालं यंत्र.
तिनं दाखवला तो डावा.
यंत्राला दोन्ही हवे होते.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे,
असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.
सप्टेंबरपासून या घरात
मी पुष्कळ काही म्हणत नाही,
तिला उलटून बोलता येत नाही म्हणून.

बत्तीस वर्षं डंडीच्या टपालखात्यात
रात्रपाळीला हिनं पत्रं निवडली.
पर्थ, फोर्फर, ॲबरडीन.
पाकीट हातात आलं की मनगटच कप्पा ठरवायचं.
आता पडद्यावर वरून फुगे उतरतात,
निळे डावीकडे, लाल उजवीकडे,
आणि लाल सगळे
पत्ता नसलेल्या टपालासारखे
तळाशी साचत जातात.
"वेल डन!" म्हणतं यंत्र, एकही लाल न फुटता.
त्याचा तो गोडवा मला
पहिल्या आठवड्यात फार लागला.

नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे.
टे नदीवरून धुकं चढत येतं,
पूल अर्धा दिसतो,
उरलेला आहे असं धरून चालायचं.
ती डाव्यानं उजवा उचलते,
खांद्यापर्यंत नेते, सोडते, पुन्हा उचलते.
पाय आपटतात. खालच्या मजल्यावरचा डगलस
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतो.
मी जाऊन सगळं सांगून आलो.
दुसऱ्या दिवशीही त्यानं ठोकलं,
पण दोनदाच.

चौथ्या आठवड्यात दोघांचा खेळ उघडला,
टेबल टेनिस.
पडद्यावर दोन गुबगुबीत बाहुल्या.
तिच्या बाहुलीचा उजवा हात धडधाकट.
कुमुद जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली,
माहेरचं माणूस परक्या गावात दिसावं तशी.

मी हरत गेलो.
सोप्यात सोपा चेंडू सोडला
आणि अरेरे, चुकलो, असा चेहरा केला.
लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालीत,
हा चेहरा तिला पाठ आहे.
अकरा-चार. ती थांबली.
कोपर बरगडीपासून सुटलं, चार बोटं, जास्त नाही.
त्या हाताची तर्जनी, वाकडी, थरथरती,
माझ्यावर रोखली गेली.
ओठ कितीतरी वेळ जुळत-सुटत होते.
"ल... लबाड."

नऊ आठवड्यांतला पहिला शब्द.
मी धावलो तिच्याकडे, तर यंत्र म्हणालं,
खेळाडू दिसत नाही.
मीच कॅमेऱ्याच्या आड आलो होतो.
तिनं मला बाजूला ढकललं.

मग मी खरा खेळलो. अकरा-सात हरली,
आणि हनुवटीनंच सांगितलं, परत मांड.

खोका द्यायला अजून बारा दिवस आहेत.
पावती हरवली म्हणून कॅट्रिओनाला सांगायचं ठरवलंय.
सकाळी आरशात
तो चेहरा करून पाहिला.
आता जमत नाही.