दहावीतला एक मंगळवार

माहितीपत्रकात एकच ओळ होती.
किमान पात्रता: गणित, साठ टक्के.
खाली बारीक अक्षरात,
गणिती साक्षरता ग्राह्य धरली जाणार नाही.

ओन्वाबाने ती मला फोनवर वाचून दाखवली,
टॅक्सी स्टँडवरून; मागे ड्रायव्हर
क्वीन्सटाउन, क्वीन्सटाउन ओरडत होता.
तिला गणिती साक्षरतेत एक्याण्णव होते.
निकालाच्या दिवशी मीच केक आणला होता,
वर तिचं नाव, आणि त्यात एक अक्षर चुकलेलं.

"मिस," ती म्हणाली, "ही दोन्ही गणितंच ना?"

मला तो मंगळवार आठवला.
ग्वेबू सर एप्रिलात ईस्ट लंडनला गेले,
त्यांच्या जागेची जाहिरात निघाली, पुन्हा निघाली,
फळ्यावर त्यांचं शेवटचं समीकरण जूनपर्यंत तसंच,
कुणाला पुसवेना.
मग मुख्याध्यापक वर्गात आले.
म्हणाले, शाळेचा निकाल सांभाळायला हवा.
म्हणाले, ज्यांना सोपं हवंय त्यांनी शेजारच्या खोलीत या.
शेजारच्या खोलीत मी होते.
मी मुळात इतिहासाची.

एकोणतीस मुलं आपापल्या खुर्च्या उचलून आली.
ओन्वाबा सगळ्यांत शेवटी; तिच्या खुर्चीला तीनच पाय.
विषय बदलाच्या अर्जावर शिक्षकाची सही लागते.
मी एकोणतीस सह्या केल्या,
मधली सुट्टी व्हायच्या आत.
त्या पोरीला तेव्हा पंधरावं होतं.
टेकडीवर रस्त्याची मोजणी करणारी माणसं आली होती,
तिपाईवरच्या दुर्बिणीत डोळा घालून उभी.
ती रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसायची.
हे मला माहीत होतं.
मी विचारलं नाही.

मी जे शिकवलं ते खोटं नव्हतं.
पाच हजार लिटरची टाकी सात माणसांना किती दिवस पुरेल,
सावकाराचं व्याज महिन्याला किती चढेल,
विजेचं बिल कुठे फसवतं.
तिने आजीचे पेन्शनचे चुकलेले पैसे परत मिळवले
माझ्याच एका धड्याच्या जोरावर.
पण डोंगराची उंची डोंगरावर न चढता कशी काढायची
ते पुस्तक दुसऱ्या खोलीतलं होतं.

त्सोमो नदी जानेवारीत कधी भरते, कधी नाही.
पाणी आटलं तरी तिचं पात्र
कुणी अर्ज तपासून काढून घेत नाही.

दोष देईल वाटलं होतं.
ती आली सोमवारी, सुपरमार्केटचा लाल गणवेश घालूनच,
आणि म्हणाली, ग्वेबू सरांचं पुस्तक कुठेय?
कपाटात होतं. वाळवीने पहिलं प्रकरण खाल्लेलं.
"बरं झालं," ती म्हणाली, "दुसऱ्यापासून सुरू करू."
मी म्हटलं, मला हे येत नाही, ओन्वाबा.
"मला तरी कुठे येतंय?"

मग तिने बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला.
तीन वर्षांचे मिळून एकशे अठरा घटक,
आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळ्या,
संध्याकाळी एक.
एकोणचाळीस, आणि वर एक तृतीयांश.
मी म्हटलं, एकोणचाळीस आठवडे धर.
ती माझ्याकडे बघत राहिली,
वर्गात मी तिच्याकडे बघायची तशी.

दोनशे मुलं, साठ जागांची बस.
तीन बस मागवल्या
तर वीस मुलं रस्त्यावर राहतात, मिस.
तुम्हीच सांगितलं होतं,
अशा ठिकाणी अपूर्णांक खाली ढकलायचा नाही.

तिने चाळीस लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.
मी खिडकी उघडली. बाहेर अजून उजेड होता.
तिने दुसरं प्रकरण काढलं,
आणि आम्ही दोघी
पहिल्याच ओळीत अडलो.